दोन लाडू की दोन दोन लाडू?

नर्मदातीर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

इंदूरला आमच्या महिला मंडळाच्या स्मरणिकेत यंदा माझा लेख आला. रामबागेतल्या माझ्या लहानपणच्या पंगतींवर लिहिलं होतं. अंक हातात आला, चहा बाजूला ठेवून वाचायला बसले आणि दोन परिच्छेदांतच जीव कासावीस झाला. ज्यांनी संपादन केलं त्यांनी माझा एकूण एक दुहेरी शब्द कापला होता. 'हळूहळू' गेलं, 'सावकाश' आलं. 'गरम गरम वरणभात' नुसता 'गरम' उरला. 'आजी बसल्या बसल्या सगळ्या घराचा हिशेब ठेवायची' याचं झालं 'आजी बसून सगळ्या घराचा हिशेब ठेवायची'. आणि सगळ्यात मोठा घाव इथे: मी लिहिलं होतं, 'वाढप्यांनी मुलांना दोन दोन लाडू वाढले.' छापलं, 'मुलांना दोन लाडू वाढले.'

त्या पंगतीला आम्ही चाळीस मुलं होतो.

फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, पुनरुक्ती हा दोष आहे. एकदा सांगितलेलं परत कशाला सांगायचं? शिवाय जागाही कमी होती." मी गप्प बसले, पण आठ दिवस ते मनातून जात नाही. कारण मला मनापासून वाटतं की दुसरा शब्द हा पहिल्याचा नुसता पुन्हा उच्चार नसतोच. त्याचं काम वेगळं असतं. 'आमच्याकडे रोज पोहे असतात' ही माहिती झाली. 'रोज रोज पोहे!' ही तक्रार झाली. 'कोण आलं होतं?' विचारलं तर एक नाव सांगून सुटता येतं, 'कोण कोण आलं होतं?' याला यादी द्यावी लागते. दारात उभ्या माणसाला 'या' म्हटलं की आत यायची परवानगी, 'या या' म्हटलं की स्वागत.

तर विचारायचं असं, की दोनदा म्हटल्याने तुमच्या बोलण्यात काय काय बदलतं? आणि भाषेपुरतंच नको. जप, पाढे, रियाज, सकाळचा सडा, जे जे आपण पुन्हा पुन्हा करतो, त्यात दुसरी खेप पहिलीहून वेगळी असते का?

पोहेजिलेबी | सोमवार, रात्री ९:५२

चाळीस पोरांत दोन लाडू! मावशी, ही तर पंगत नाही, कुस्तीचा आखाडा झाला.

बाकी मुद्दा एकदम पटला. मी रोज ऑफिसात हेच बघून राहिलोय. साहेबांना काम सांगितलं आणि ते 'हो' म्हणाले तर होतं. 'हो हो' म्हणाले की समजायचं, होत नाही.

अमृता_ठाणे | सोमवार, रात्री १०:०५

माझं माहेर इंदूरचं सुदामा नगर, त्यामुळे 'बघून राहिलोय' वाचून एकदम घरी गेल्यासारखं वाटलं.

माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. त्याच्याकडे सध्या जेवढे शब्द आहेत ते सगळेच्या सगळे दुहेरी आहेत. बाबा, काका, मामा, दादा, नाना, मंमं, भूभू, चीची, जोजो. एकेरी शब्द अजून एकही नाही. मी नीट बघितलं तर आपली निम्मी नातीच बाळाच्या तोंडाने ठेवल्यासारखी आहेत. म्हणजे नर्मदाताई, आपण सगळेच दोनदा बोलायला आधी शिकतो आणि एकदा बोलायला नंतर.

शुद्धलेखक | सोमवार, रात्री ११:२०

थोडा विरोधी सूर लावतो. मी पुण्यात वीस वर्षं संपादनाचं काम केलंय. लाडवांच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. 'दोन दोन' मधला एक 'दोन' काढणारा माणूस वाक्य वाचत नव्हता, शब्द मोजत होता.

पण ज्यांनी कापलं त्यांची बाजूही समजून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या दर दहा लेखांत पिवळा पीतांबर असतोच. पीत म्हणजे पिवळा, अंबर म्हणजे वस्त्र, मग आधी पिवळा कशाला? गाईचं गोमूत्र, लेडीज बायका, गोल सर्कल, शेवटचा अंतिम इशारा. तुमच्या माळव्याच्या दक्षिणेला तर अख्खा 'विंध्याचल पर्वत' उभा आहे. अचल म्हणजेच पर्वत. हे लेखन नव्हे, सैल सुटलेलं बोलणं आहे. लिहिताना माणसाने एकदाच आणि नेमकं सांगावं. वाचकाच्या वेळेचा मान राखणं हीसुद्धा माया आहे.

नर्मदातीर | मंगळवार, सकाळी ६:३०

शुद्धलेखक, पिवळ्या पीतांबराला माझाही विरोध आहे, तो खुशाल कापा. पण त्यात आणि 'गरम गरम' मध्ये फरक आहे ना? पीतांबर म्हणणाऱ्याला आपण पिवळा दोनदा म्हटला हे ठाऊकच नसतं. 'गरम गरम' म्हणणारीला चांगलं ठाऊक असतं.

उज्जैनकर | मंगळवार, सकाळी ७:१५

हा फरक फार जुना आहे. मी संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायाची सुरुवातच दोनदा बोलण्यापासून होते. 'सर्वस्य द्वे' (८.१.१), म्हणजे अख्ख्या शब्दाची दोन रूपं करायची. त्यातल्या दुसऱ्या रूपाला वेगळं नाव दिलं आहे, आम्रेडित (८.१.२). नर्मदाताई, तुम्ही म्हणता की दुसऱ्याचं काम वेगळं. पाणिनीने त्याला नावच वेगळं ठेवलं, यावरून काय ते समजा.

मग कुठल्या अर्थी दोनदा म्हणायचं ते येतं. 'नित्यवीप्सयोः' (८.१.४). नित्य म्हणजे चालू राहणं, आणि वीप्सा म्हणजे एकही न वगळता प्रत्येकाला व्यापणं. त्यावरचं जुनं उदाहरण आहे 'ग्रामो ग्रामो रमणीयः', गाव न् गाव रमणीय आहे. तुमचे दोन दोन लाडू म्हणजे शुद्ध वीप्सा. प्रत्येक पानावर दोन. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला 'दिवेदिवे' म्हटलंय, दिवसामागून दिवस. आणि गणपतीत आपण सगळे जे अथर्वशीर्ष म्हणतो त्याची फलश्रुती आठवा: 'सहस्रावर्तनाद्यं यं काममधीते तं तमनेन साधयेत्'. हजार वेळा म्हणायला सांगणारं वाक्य स्वतःच 'यं यं' आणि 'तं तं' दोनदा म्हणतं. जी जी इच्छा, ती ती. तिथे एक 'यं' गाळून बघा.

आणखी दोन सूत्रं मला फार आवडतात. 'प्रकारे गुणवचनस्य' (८.१.१२): गुण सांगणारा शब्द दोनदा म्हटला की कधी कधी तो वाढत नाही, उलट पातळ होतो. 'पटुपटुः' म्हणजे फार हुशार नव्हे, हुशारसा. आपलं 'थोडं थोडं दुखतंय' तसंच, दोनदा म्हणून दुखणं कमी करून सांगतो. आणि 'आबाधे च' (८.१.१०): दुःखात माणूस दोनदा बोलतो. 'गतगतः', गेला गेला. स्टँडवर पोहोचेपर्यंत बस सुटली तर आपण 'गेली' म्हणतो का? 'गेली गेली!' म्हणतो.

निमूट_वाचक | मंगळवार, सकाळी ७:४०

गुरुजी, दंडवत. वाचतोय.

पोहेजिलेबी | मंगळवार, सकाळी ९:०२

गुरुजी, माझी बायको तब्येत विचारते तेव्हा मी 'ठीक ठीक' म्हणतो. तिला तो पातळ झालेला अर्थ सूत्राशिवाय कळतो, लगेच बीपीचं मशीन काढते.

बडोद्याची_सून | मंगळवार, दुपारी १:३०

मला एक निराळीच गंमत सांगायची आहे. मी जन्माने इंदूरची, लग्नानंतर बडोद्यात दांडिया बाजारात. आपण मराठीत चहाबिहा, पाणीबिणी म्हणतो. इंदूरला शेजारी हिंदीत चाय-वाय, पानी-वानी. बडोद्यात गुजराती शेजारी चा-बा, पाणी-बाणी. म्हणजे गुजराती आणि मराठी दोघांनी 'ब' घेतला, हिंदीने 'व'. पण गुजराती माणूस मूळ शब्दाचा स्वर तसाच ठेवतो, पाणी-बाणी. आपण तो बदलून 'बि' करतो, पाणीबिणी.

माझा भाचा इंदूरला शिकतो. तो हल्ली 'पाणी-वाणी देऊ का?' असं विचारतो. भाऊ म्हणतो बोलणं मराठीच आहे, काय बिघडलं? मला मात्र ऐकताना कुठेतरी टोचतं. अख्खी वाक्यं हिंदी आली तर मी समजू शकते, पण शेपूट हिंदी आलं की वाटतं आता आतूनच बदलतंय.

सीमेवरचा | मंगळवार, दुपारी २:१५

मी बेळगावचा. आमचे कानडी शेजारी 'ऊट-गीट आयता?' असं विचारतात, म्हणजे जेवणबिवण झालं का. कामबिम याला केलस-गिलस. त्यांचा 'ग', पण स्वर आपल्यासारखाच इकार! केलस-गिलस, कामबिम. बडोद्याच्या वहिनींचं वाचून आत्ता पहिल्यांदा लक्षात आलं, की आमचं व्यंजन गुजरातीच्या बाजूचं आणि स्वर कानडीच्या बाजूचा. असं का झालं ते भाषाशास्त्रवाले सांगोत, मी तर आज दिवसभर हेच घोळवणार. पंजाबी लोकांचं चाय-शाय, तमिळ-तेलुगूतही 'गि'. हा चाळा उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळ्या देशाला आहे.

पोहेजिलेबी | मंगळवार, दुपारी २:३१

यावरून घरचा खरा किस्सा. आजी खाली राहणाऱ्या शर्माजींना विचारायला गेली, "आपके पास गाडीबिडी है क्या?" तिला दवाखान्यात जायचं होतं. शर्माजी म्हणाले, "माताजी, गाड़ी है, बीड़ी मैंने छोड़ दी."

आणि एक कोडं. ज्या शब्दाची सुरुवातच 'बि' ने होते त्याचं काय करायचं? बिस्किट?

अमृता_ठाणे | मंगळवार, दुपारी २:४०

बिस्किट-फिस्किट! बिल-फिल, बिर्याणी-फिर्याणी. आमच्या घरी तरी 'फ' मदतीला येतो. बघा म्हणजे, दुसरा शब्द पहिल्यासारखा हवा पण तोच असता कामा नये, हे आपल्याला न शिकवता कळतं.

शुद्धलेखक | मंगळवार, दुपारी ४:००

बि-फि चा मुद्दा चांगला आहे. माझ्या बाजूने एक भर घालतो, विरोधात गेली तरी चालेल. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, रीतिरिवाज, अक्कलहुशारी. या जोड्यांत दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच. पण कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. दौलत आणि रिवाज अरबीतले, धन आणि रीत आपल्याकडचे. समोरच्याला यातला एक शब्द कळला नाही तर दुसरा कळेल, अशी ती व्यवस्था. पावरोटीही तशीच, पाव पोर्तुगीज आणि रोटी आपली. हे मी पाल्हाळ मानत नाही. दोन भाषांच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाचं ते सौजन्य आहे, आणि तुम्हा इंदूरकरांना ते मी काय सांगणार.

तात्या_ग्वाल्हेर | मंगळवार, रात्री ८:४५

सगळं वाचलं. भाषेचं बरंच झालं, मी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायचो. घराण्याचं गाणं आमच्या गल्लीत हवेसारखं होतं. मला आठव्या वर्षी गाण्याला घातलं. गुरुजींनी पहिले तीन महिने एकच पलटा दिला. सारेग, रेगम, गमप, मपध, असा वर जायचा आणि तसाच खाली यायचा. रोज पाऊण तास. मी रडकुंडीला आलो. आईला म्हटलं, हे तर मला पहिल्याच दिवशी आलं होतं, पुन्हा पुन्हा काय तेच?

चौथ्या महिन्यात एका सकाळी गाता गाता कानात काहीतरी उघडलं. सारेग मधला ग आणि गमप मधला ग, स्वर एकच, पण एक नव्हे. पहिल्या ग वर मी पोहोचत होतो. दुसऱ्या ग पासून निघत होतो. आणि रेगम मधला ग तर नुसता वाटेत होता. हे गुरुजींनी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरलो असतो. त्यांनी सांगितलं नाही. तीन महिने म्हणून घेतलं.

तुमच्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ घ्या. मेरुखंडाच्या, म्हणजे स्वरांचे क्रम बदलत जाण्याच्या, अंगाने ते राग मांडायचे. सात स्वर उलटसुलट मांडले तर ५०४० क्रम होतात, हे गणिताने कुणालाही काढता येतं. पण ते ऐकताना मोजणी ऐकू येत नाही. चौदा मात्रांचा झुमरा, अतिविलंबित, आणि बंदिशीचा तोच मुखडा फिरून फिरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा तो नुसता शब्द असतो. अर्ध्या तासाने येतो तेव्हा मधली सगळी बढत त्याच्या अंगावर असते.

आणि तिहाई! एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवट समेवर. पहिले दोन काढून टाका, तिसरा समेवर पडला तरी कुणी 'वाहवा' म्हणणार नाही.

निवृत्त_कॅशियर | मंगळवार, रात्री ९:३०

तात्या, फार सुरेख. माझ्या धंद्यातलं सांगतो. नोटा मोजायची मशिनं येण्याआधी आम्ही बंडल दोनदा मोजायचो. नवीन पोरं दुसऱ्यांदा मोजताना नुसती बोटं फिरवायची, कारण आकडा आधीच डोक्यात असायचा. मी त्यांना सांगायचो, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने मोज आणि पहिला आकडा विसर. दुसरी मोजणी ही साक्ष असते, आणि साक्षीदाराने आधी ऐकलेलं सांगायचं नसतं.

उज्जैनकर | मंगळवार, रात्री १०:१०

कॅशियरसाहेब, वेदपाठी नेमकं हेच करतात! घनपाठात तीन शब्द असले तर क्रम असा: १२, २१, १२३, ३२१, १२३. सुलट, उलट, पुन्हा सुलट. एखादं अक्षर कुणाच्या तोंडी बदललं तर उलट्या क्रमात ते अडखळतं आणि पकडलं जातं. लेखणीशिवाय इतकी शतकं संहिता टिकली ती या मोजणीमुळे. २००३ मध्ये युनेस्कोने या पठणपरंपरेला मानवजातीचा वारसा म्हटलं.

सोळा_पोळ्या | बुधवार, सकाळी ११:५०

मी दोन दिवस वाचतेय. सगळं छान आहे, पण एक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

मी रोज सोळा पोळ्या करते. सकाळी दहा, रात्री सहा. लग्नाला ३१ वर्षं झाली. लीप वर्षांचे दिवस सोडून हिशेब केला, १,८१,०४० पोळ्या. तात्यांना चौथ्या महिन्यात ग उघडला, मला एकतिसाव्या वर्षीही पोळीत काही उघडलेलं नाही. तात्यांचा पलटा संपला की आई जेवायला वाढत होती. तिचा पलटा कधी संपत होता?

पुनरावृत्तीला रियाज म्हणायचं की राबणं, हे ती तुम्ही निवडली होती का यावर ठरतं असं मला वाटतं. आणि तुमचं ऐकायला कुणी बसलेलं असतं का, यावरही.

निवृत्त_कॅशियर | बुधवार, दुपारी १२:२०

ताई, आकडा दोनदा तपासला. बरोबर आहे. बाकी मला बोलायला जागा नाही. आज रात्रीच्या पोळ्या मी करतो असं घरी सांगून आलोय.

तात्या_ग्वाल्हेर | बुधवार, दुपारी १:०५

सोळा पोळ्या ताई, तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. आई पहाटे पाचला उठायची आणि मी गात असताना तिचा हात चाललेला असायचा. मी माझे महिने मोजले, तिचे मोजले नाहीत.

नर्मदातीर | बुधवार, दुपारी ३:४०

हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी 'रोज' आणि 'रोज रोज' यातला फरक शब्दांच्या करामतीसारखा मांडला होता. त्या दुसऱ्या 'रोज' मध्ये किती माणसांचा दिवस जातो, तिकडे मी पाहिलंच नाही.

एक विचारते. इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा देशात सगळ्यात स्वच्छ ठरलं, आपल्याला अभिमान वाटतो. सकाळी कचऱ्याची गाडी तेच गाणं लावून येते, आपण डबे घेऊन खाली उतरतो. पण सराफ्यात रात्री खाऊन आपण निघतो त्यानंतर तो रस्ता झाडणारी बाई काल झाडलेलाच रस्ता आज झाडते. सात वेळा पहिला नंबर आपण मोजला. तिचं झाडणं कुणी मोजलं असेल?

अमृता_ठाणे | बुधवार, दुपारी ४:१५

अवांतर होईल, पण माझ्या आजीच्या लिखित जपाच्या वह्या आठवल्या. श्रीराम जय राम जय जय राम, तेरा अक्षरं, बारीक अक्षरात पानंच्या पानं. आजी गेल्यावर आम्ही त्या चाळल्या. मजकूर सगळीकडे एकच, म्हणून बघण्यासारखं काही नसेल असं वाटलं होतं. पण एका पानावर अक्षर एकदम मोडलेलं दिसलं, ओळी खाली घसरलेल्या. तारीख बघितली तर आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. तिने त्या दिवशीही नेम सोडला नव्हता. मजकूर रोज तोच असल्यामुळेच ते पान ओळखू आलं.

शेवंती | बुधवार, रात्री ११:४५

मी इथे सहसा लिहीत नाही. आज लिहावंसं वाटतंय.

माझे बाबा इंदूरच्या कापड बाजारात मुनीम होते. जुन्या पद्धतीचे, पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, अडीचकी सगळं पाठ. लहानपणी आम्हा बहिणींना झोपाळ्यावर बसवून म्हणून घ्यायचे. त्यांची आवडती औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आम्हाला तिचा काही उपयोग नव्हता, कॅल्क्युलेटर आले होते. बाबा म्हणायचे, उपयोग असू दे नसू दे, म्हणा.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द येत नव्हता. याला वाचाघात म्हणतात हे तेव्हा कळलं. माझ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, माझं नाव यायचं नाही, आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायचे.

स्पीच थेरपिस्ट बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी विचारलं, हे आयुष्यभर काय काय म्हणत आले? आरती, वारांची नावं, काहीही. मनात जुळवून बोलायचा रस्ता बंद झाला तरी पाठ झालेलं बऱ्याचदा वेगळ्या रस्त्याने बाहेर येतं, असं त्या म्हणाल्या. मी बाबांच्या पलंगाजवळ बसले आणि म्हटलं, "साडेतीन."

बाबा म्हणाले, "सात."

मग साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस. मी मधेच थांबले, ते थांबले नाहीत. साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस. स्वच्छ. पस्तिसावर थांबले आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघायला लागले. ज्या पाढ्याचा काही उपयोग नव्हता त्याच्यावरून माझे बाबा दीड महिन्याने पहिल्यांदा बोलले.

नाव त्यानंतरही आलं नाही. अजूनही नीट येत नाही. रोज सकाळी औटकी, मग वार, मग गणपतीची आरती, असं आम्ही करत राहिलो. सोळा पोळ्या ताई, तुमचं वाचून मी थांबले होते, कारण त्या महिन्यांत मीही वैतागले आहे. काही दिवस औटकी म्हणता म्हणता मला रडू यायचं. पण ऐकायला कुणीतरी होतं, हे खरं.

साधारण पाच महिन्यांनी मी कामावरून घरी आले. बाबा झोपाळ्यावर बसले होते. दार उघडलं तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ये ये."

या आजारात एक शब्द सापडला की तो अडकून पुन्हा पुन्हा येतो, हेही मला बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा दुसरा 'ये' कुठून आला मला सांगता येणार नाही. पण नर्मदाताई, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय 'या या' म्हणजे काय. मी ते तसंच घेतलं.

निमूट_वाचक | गुरुवार, सकाळी ६:१०

नमस्कार तुमच्या बाबांना.

सोळा_पोळ्या | गुरुवार, सकाळी ८:३०

शेवंती, रडू आलं. कधी इंदूरला आले तर बाबांना भेटायला येईन. मला औटकी येत नाही, शिकून येईन.

शुद्धलेखक | गुरुवार, सकाळी १०:००

मी लिहिलं होतं, लिहिताना माणसाने एकदाच आणि नेमकं सांगावं. त्यातला 'एकदाच' मागे घेतो. 'नेमकं' ठेवतो, कारण 'ये ये' हे नेमकंच आहे.

बडोद्याची_सून | गुरुवार, सकाळी १०:४०

काल भाच्याचा फोन होता. 'मावशी, चहा-वहा झाला का?' म्हणाला. मी म्हटलं, झाला रे, चहाबिहा झाला. तो हसून म्हणाला, तेच ते. म्हटलं, तेच ते कुठे, ते माझं आणि हे तुझं. पुढच्या महिन्यात तो बडोद्याला येतोय, तेव्हा शेजारच्या बेनकडून चा-बा पण ऐकवते.

पोहेजिलेबी | गुरुवार, सकाळी ११:१५

मावशी, मूळ प्रश्न राहिला. स्मरणिकेचं काय ठरलं? चाळीस पोरं अजून त्या दोन लाडवांकडे बघून राहिली आहेत.

नर्मदातीर | गुरुवार, संध्याकाळी ५:२०

आज स्मरणिकेच्या संपादकबाईंकडे जाऊन आले. भांडायला म्हणून गेले होते, पण हातात हा धागा छापून नेला होता, तोच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचायला घेतला, मग खुर्चीत बसल्या. पाणी दिलं, मग चहा. लाडवांपाशी हसल्या. शेवंतीपाशी चष्मा काढला.

पुढच्या अंकात शुद्धिपत्र येणार आहे. आम्ही दोघींनी बसून लिहिलं: 'पृष्ठ १४ वर "दोन लाडू" ऐवजी "दोन दोन लाडू" असे वाचावे.' 'गरम गरम' आणि 'बसल्या बसल्या'ही आत घेतलंय. 'हळूहळू' साठी जागा उरली नाही.

निघताना मी म्हटलं, येते. त्या म्हणाल्या, "ये ये, परत ये."

निवृत्त_कॅशियर | गुरुवार, संध्याकाळी ५:४८

चाळीस पानं, दोन दोन लाडू, एकूण ऐंशी. उलट्या बाजूनेही मोजले.